मांगं किती जागा सोडली?

बाळापूरला मन आणि म्हैस या दोन नद्या मिळतात. पण एप्रिल संपत आला की म्हैस नावाच्या नदीत म्हैस बसेल एवढंही पाणी राहत नाही. किल्ल्याच्या विटा दुपारी इतक्या तापतात की रात्री दहाला भिंतीला पाठ लावली तरी चटका बसतो. ४४-४५ अंशांचं अकोला जिल्ह्याला अप्रूप नाही. २०२४च्या मे महिन्यात तर उन्हापायी जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश निघाला होता. दंगा माणसांनी करावा आणि जमावबंदी लागावी ही रीत. त्या वर्षी दंगा सूर्यानं केला.

अशा गावात किल्ल्याच्या अंगाला एक घर होतं, आणि त्या घरात इडली-डोशाच्या पिठाचा धंदा होता. पिशवीवर छापलेलं असायचं, ‘आजीचं पीठ’. हायवेवरची दोन-तीन हॉटेलं, गावातल्या नाश्त्याच्या गाड्या आणि पाहुणे आले की धावत येणाऱ्या गल्लीतल्या बाया, असं मिळून रोजचं तीस किलो पीठ जायचं.

नाव आजीचं होतं, धंदाही आजीनंच उभा केला होता. नवरा गेल्यावर पाटा-वरवंट्यावर डाळ वाटून तिनं पोरगा शिकवला होता. आता पोरगा अकोल्याला नोकरीला अपडाऊन करायचा. डाळ-तांदूळ धुणं, भिजवणं, ग्राइंडरवर दळणं, पिशव्या भरणं आणि फ्रिजात लावणं हे सगळं सून करायची. आजी गल्ला सांभाळायची आणि पिशवीवर नाव असल्याचा मान सांभाळायची.

घराची रचना आधी सांगायला हवी, कारण गोष्ट तिथंच अडली आहे. मधली खोली जुनी, धाब्याची. दोन-दोन फूट जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती. तिथं खिडकीला कूलर, कूलरला वाळ्याच्या ताट्या आणि कूलरच्या झोतात आजीची बाज. पश्चिमेला पुढं वाढवलेली टिनाची खोली. तिथं ग्राइंडर, तांदळाचे कट्टे आणि दोन जुने फ्रिज. दुपारी बारानंतर पश्चिमेचं ऊन त्या टिनांवर उतरायचं आणि सूर्य मावळेपर्यंत हलायचं नाही.

हिवाळ्यात या धंद्याची अडचण वेगळी असते. पीठ फुगत नाही. डब्याला गोधडी गुंडाळावी लागते, चुलीजवळ ठेवावं लागतं, लेकरासारखं जपावं लागतं. उन्हाळ्यात तेच पीठ आवरत नाही. डाळ-तांदळातले जिवाणू तीसेक अंशांच्या हवेत आठ-दहा तासांत आपलं काम नीट करतात: पीठ फुगतं, हलकं होतं, चवीपुरता आंबटपणा येतो. हवा चाळिशीवर गेली की तेच काम चार-पाच तासांत उरकतं आणि काम उरकलं तरी ते थांबत नाहीत. आधी आंबट, मग कडवट आंबट, मग वास. म्हणून फुगून आलेलं पीठ ताबडतोब चार-पाच अंशांच्या गारव्यात टाकावं लागतं. तिथं जिवाणू मरत नाहीत, नुसते निजतात. फ्रिज दहा-बारा अंशांवर आला की त्यांची झोप मोडते आणि पिशवीच्या आत पुन्हा फसफस सुरू होते.

त्या उन्हाळ्यात हेच होऊ लागलं. सकाळी चपट्या ठेवलेल्या पिशव्या संध्याकाळी उशीसारख्या टम्म व्हायच्या. एक दिवस हायवेवरच्या हॉटेलवाल्यानं चार पिशव्या परत पाठवल्या आणि पोऱ्याच्या हाती निरोप दिला, “आजीले सांग, इडली मागवली होती, ताक नाही.”

आजीच्या जिवाला ते लागलं. तिनं आतून आवाज दिला, “सूनबाई, तुह्या हाताचंच काहीतरी हाये. माह्या हातचं पीठ तीस वर्षांत कधी परत नाही आलं.”

सून टिनाच्या खोलीतून म्हणाली, “आत्याबाई, फ्रिज गार होऊन नाही रायला.”

“फ्रिज नाही गार होत तं बटन वाढव.”

सुनेनं बटन वाढवलं. आधी तीनवर होतं ते पाचवर, मग शेवटच्या आकड्यावर. फ्रिज आता एक मिनिट थांबेना, रात्रंदिवस घरघरू लागला. पिशव्या मात्र फुगतच राहिल्या.

मग एका मिस्त्रीनं येऊन गॅस भरून दिला. पंधरा दिवसांनी पुन्हा भरला. मग पोरानं अकोल्याहून हप्त्यावर नवा फ्रिज आणला, चांगला मोठा. टिनाच्या खोलीत जागा नव्हती. म्हणून दोन जुने भिंतीला आणखी चिकटवले, मधल्या फटीत तांदळाचे कट्टे रचले, वर रिकाम्या पिशव्यांचे गठ्ठे ठेवले आणि तिसरा दाटीवाटीनं बसवला. आजीनं नव्या फ्रिजला कुंकू लावलं, नारळ फोडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला तिन्ही फ्रिज एका पाठोपाठ एक गप्प झाले. लाइन होती, दिवा लागत होता, ग्राइंडर फिरत होता. फ्रिज मात्र दर दहा मिनिटांनी ‘हुं’ करायचे आणि पुन्हा बसायचे. संध्याकाळपर्यंत चाळीस किलो पीठ गेलं. सुनेनं ते घमेल्यानं गाईच्या टाक्यात ओतलं. गाईनंही दोन घास खाऊन तोंड फिरवलं.

त्या रात्री घरात जेवण झालं, पण बोलणं झालं नाही. पोरगा हप्त्याचा हिशेब करत होता. त्याचा राग त्यानं बायकोवर काढला. आजीचा राग पोरावर निघायला हवा होता, तोही सुनेवरच निघाला. नातू नववीतून दहावीत गेलेला, सुट्टीवर. तो नदीकाठच्या छत्रीवर जाऊन बसला. मिर्झाराजे जयसिंगांच्या नावानं ओळखली जाणारी ती दगडी छत्री. दिवसभर गाव भट्टीसारखं तापलं तरी छत्रीत वारा असतो.

छत्रीतच त्याला चाचा भेटले. चाचांचं फ्रिज-कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टपरी, पोटं उघडी पडलेले दोन फ्रिज आणि एक स्टूल. नातवानं त्यांना सगळी कथा सांगितली. चाचांनी एकच विचारलं.

“मांगं किती जागा सोडली?”

नातवाला समजलं नाही. चाचा म्हणाले, “सकाळी येतो.”

दुसऱ्या दिवशी चाचा आले. आजीला वाटलं, हे दार उघडतील, आत हात घालतील, गॅस पाहतील. चाचांनी दाराला हात लावला नाही. ते फ्रिजच्या मागं शिरू लागले. शिरता येईना. कट्टे ओढून काढले, गठ्ठे उतरवले, तेव्हा कुठं एक हात आत गेला. तो त्यांनी चटकन बाहेर घेतला. पंजा पांढरा झाला होता. मागच्या काळ्या जाळीवर तांदळाच्या पिठाचा जाड थर बसला होता, गोधडी पांघरल्यासारखा.

“हे पाहा,” चाचा म्हणाले, “४५ अंशांत तुम्ही याले गोधडी पांघरली. वरून विचारता, काहून घाम फुटला.”

मग त्यांनी खिशातून दहाची नोट काढली, फ्रिजच्या दारात धरली आणि दार लावलं. नोट ओढली तर अलगद निघून आली. “रबर गेलं. नोट अडकली पाह्यजे. नोट निघते म्हणजे गारवाही निघते.” लाइन मोजली. २३० व्होल्टच्या जागी १७०. “तालुक्यातच पारसचं वीजघर. २५० मेगावॅटचे दोन संच तिथं आणि आपल्या गल्लीत हे! गल्लीतले सारे कूलर एकाच वेळेस चालतात, तं डीपी बिचारी काय करीन? कमी लाइनवर कॉम्प्रेसर जास्त ओढते, तापते, आणि तापला की स्वतःच बंद पडते. थे त्याच्या जिवासाठीच ठेवलं हाये.”

आजी बाजेवरून उठून दारात आली होती. तिनं विचारलं, “पण नवा तं नवा होता ना बाप्पा? गारवा नवाही काहून नाही तयार करत?”

चाचा हसले. त्यांनी स्टूल ओढलं आणि जे सांगितलं ते नातवानं नंतर वहीत लिहून ठेवलं.

ते म्हणाले, “माय, फ्रिज गारवा तयार नाही करत. गारवा कोणालेच तयार करता येत नाही. फ्रिज हमाल हाये. आतली गरमी उचलते आणि मांगं नेऊन टाकते. वरून त्याच्या स्वतःच्या मेहनतीची गरमी वेगळी. दोन्ही मिळून ह्याच खोलीत. तुम्ही तीन हमाल लावले आणि तिघांनाही एकाच कोठडीत माल टाकाले लावला. कोठडी भरली. आता उचलेल माल टाकीन कुठं? म्हणून थो तसाच पाठीवर घेऊन उभा. तिसरा आणला तं काम वाढलं नाही, कोठडी लवकर भरली.”

“मंग दार उघडं ठेवलं तं खोली गार होईन का?” नातवानं विचारलं.

“उघडं ठेवून पाह्य. समोरून गार हवा येईन, मांगून त्याहून जास्त गरम. खोली तापतच जाईन.” मग चाचांनी नव्या फ्रिजच्या पाठीवरची पट्टी दाखवली. आकड्यांच्या गर्दीत एक अक्षर होतं, ‘टी’. “हे उष्ण मुलखाचं अक्षर. म्हणजे भवतालची हवा ४३ अंशांपर्यंत असली तं हा नीट चालीन. त्याच्या वर कारखानाही हात वर करते. आता मले सांगा, या टिनाखाली दुपारी किती असते?”

कोणालाच माहीत नव्हतं. रोज टीव्हीवर अकोल्याचं तापमान बघणाऱ्या त्या घरानं आपल्याच टिनाखालचं कधी मोजलं नव्हतं.

चाचांनी पिशवीतून दोन तापमापकं आणि एक लाइन मोजायचं यंत्र काढलं. नातवाला म्हणाले, “आज काहीच दुरुस्त नाही करत. आधी मोज. दर दोन घंट्याले लिहून ठेवजो. खोलीत किती, फ्रिजात किती, लाइन किती. आणि खोलीत माणूस कोण होतं थेही लिहजो. माणसाचं अंग म्हणजे शंभर वॉटचा बल्ब. दोन माणसं उभी असली की दोन बल्ब लागले. तीन दिवस लिह्य.”

नातवानं शाळेच्या वहीचं मागचं पान फाडलं नाही, नवी वही काढली. पट्टीनं पाच रकाने आखले. वेळ. खोली. फ्रिज. लाइन. खोलीत कोण. तीन दिवस त्यानं इमानानं लिहिलं. दुपारी गल्ली झोपायची, नातू घड्याळ लावून उठायचा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचा आले. आजीनं बाज अंगणात टाकून घेतली होती. पोरगा नुकताच अकोल्याहून आलेला. सून आत पिशव्या भरत होती. चाचा म्हणाले, “वाच.”

नातू वाचू लागला.

“सकाळी दहा. खोली ३९, फ्रिज ७, लाइन २१०. खोलीत आई.

“बारा. खोली ४४, फ्रिज ९, लाइन १९०. खोलीत आई.

“दोन. खोली ४७, फ्रिज १३, लाइन १७०. खोलीत आई.

“चार. खोली ४९, फ्रिज १६. लाइन गेली. खोलीत आई.”

दुसऱ्या दिवसाचं पान. आकडे एक-दोनानं इकडे-तिकडे. शेवटच्या रकान्यात पुन्हा तेच. तिसऱ्या दिवसाचं पान तसंच. एका ठिकाणी फक्त ‘कोणी नाही’ लिहिलं होतं आणि कंसात ‘आई मोरीत डोक्यावर पाणी घेत होती’.

चाचा मान डोलावत ऐकत होते. म्हणाले, “पाह्यलं? सकाळी दहापर्यंतच सारं ठीक. बारानंतर याच्या हद्दीच्या बाहेर. फ्रिजचा काहीच कसूर नाही. बिचारा मरमर करून रायला. मायबाप हो, ह्या खोलीत फ्रिज जगत नाही. याले धाब्याच्या खोलीत घ्या.”

आजीनं क्षणभरही विचार केला नाही. “घ्या ना मंग आत! माही बाज सरकवा भिंतीकडं. फ्रिज महत्त्वाचा. त्याले ४३च्या वर नाही चालत तं नाही चालत, कारखान्यानंच लिहून ठेवलं हाये.”

तेव्हा नातू वहीतून मान वर काढून म्हणाला, “चाचा, फ्रिजले ४३च्या वर चालत नाही. आईले कितीच्या वर चालत नाही?”

त्यानं टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच रकाना पुरा करायचा होता.

अंगणात कोणी बोललं नाही. आतून पिशवीला गाठ मारल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या पिशवीला. चाचांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. थोड्या वेळानं ते हळू म्हणाले, “बेटा, माणसाचं अंग ३७ अंशांचं. भवतालची हवा त्याहून तापली की गरमी बाहेर जायले घाम हा एकच रस्ता उरते. माठासारखं. माठ झिरपते आणि वारा लागते तोवर गार रायते. वारा बंद केला की माठही गरम. माणसाच्या पाठीवर पट्टी नसते, म्हणून कोणी वाचत नाही.”

आजी काही न बोलता उठली. त्या रात्री तिनं कूलर लावू दिला नाही. पोरानं विचारलं तर म्हणाली, “राहू दे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला, सून नळावर गेली असताना, आजी पदर खोचून टिनाच्या खोलीत गेली आणि ग्राइंडरजवळच्या पाटावर बसली. नातू खोलीतलं तापमान लिहायला आला तेव्हा त्यानं पाहिलं, आजीच्या कपाळावरचा घाम ओघळून नाकावर आला होता. तो काही म्हणणार तोच आजी म्हणाली, “लिह्य. खोलीत आजी.”

वीस मिनिटांनी ती भिंत धरत बाहेर आली. मोरीत गेली, डोक्यावर तांब्यानं पाणी घेतलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. सून धावत आली, “आत्याबाई, चक्कर आली काय?”

आजी म्हणाली, “आली. तुले रोज येते ते सांगितलं काहून नाही?”

सून म्हणाली, “सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बटन वाढव.”

यावर आजीनं जे केलं त्याला माफी म्हणायची की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं. तिनं ओल्या पदरानं सुनेच्या मानेवर उठलेलं घामोळं पुसलं, आणि संध्याकाळी पोरगा आल्यावर त्याला म्हणाली, “उद्या सुट्टी टाक. खोली बदलायची हाये.”

दोन दिवस घरात उलथापालथ चालली. काय काय केलं ते सांगतो. कोणाच्या कामी आलं तर बरंच.

धाब्याच्या खोलीच्या मागच्या भिंतीत वर एक झरोका होता. धूळ येते म्हणून आजीनं तो वीस वर्षांपूर्वी चिंध्यांनी बुजवला होता. चिंध्या काढल्या. झरोक्यात एक्झॉस्ट पंखा बसवला. दोन्ही जुने फ्रिज त्या भिंतीजवळ, पण भिंतीपासून एक वीत पुढं ठेवले. बाजूला आणि डोक्यावरही मोकळी जागा. समोरच्या खिडकीतून कूलरची गार हवा आत यायची, फ्रिजच्या पाठीवरून जायची आणि त्यांनी टाकलेली गरमी घेऊन झरोक्यातून बाहेर पडायची. चाचांनी बजावलं, “कूलर आणि बंद खोली यांचं जमत नाही. आत आलेली हवा बाहेर गेली पाह्यजे, नाही तं खोली ओली होते, गार नाही होत.”

मागच्या जाळ्या ब्रशनं झाडल्या. रबरं बदलली. स्टॅबिलायझर लावला. पाण्याच्या सहा बाटल्या रात्री बर्फ करून सकाळी पिशव्यांच्या मध्ये ठेवायची सवय लावली. लाइन गेली तरी तो बर्फ दोन-तीन तास किल्ला लढवायचा. पीठ गरम असताना थेट फ्रिजात जायचं ते थांबलं. आधी डबा पाण्याच्या घमेल्यात, वर ओलं फडकं, मग फ्रिज. दळण पहाटे चारला हललं. डाळ भिजवायला माठातलं पाणी. दारं उघडायच्या वेळा ठरल्या.

एक अडचण उरली होती. दळलेलं पीठ आधी आंबायला तर हवं. उघड्यावर ठेवलं तर चार तासांत हद्दीबाहेर, फ्रिजात ठेवलं तर आंबतच नाही. त्यावर तोडगा नातवानं काढला. मोबाइलवर त्यानं वाचलं होतं की परदेशात घरच्या घरी बिअर बनवणारे लोक जुना फ्रिज घेतात आणि त्याला बाहेरून वेगळा थर्मोस्टॅट लावतात. फ्रिजचं स्वतःचं बटन त्याला आठ-दहा अंशांच्या वर थांबू देत नाही. हा बाहेरचा थर्मोस्टॅट मात्र हव्या त्या अंशावर लाइन तोडतो आणि जोडतो. बिअरचं यीस्ट काम करताना स्वतःच तापतं, म्हणून ते लोक अठरा-वीस अंश धरून ठेवतात. आपण अठ्ठावीस धरू.

आजी म्हणाली, “दारूवाल्यांचं ऐकून इडली करतं का रे?”

चाचा म्हणाले, “माय, दारू असो का डोसा, फसफसणाऱ्या जिवाले उकाडा सारखाच.”

एक जुना फ्रिज तेव्हापासून आंबवायचा झाला, अठ्ठावीस अंशांचा. दुसरा साठवायचा, चार अंशांचा. हप्त्यावरच्या तिसऱ्याला काम उरलं नाही. तो एका शीतपेयवाल्यानं उरलेल्या हप्त्यांसकट नेला. तीन फ्रिजांनी जे झालं नाही ते दोघांनी केलं.

टिनाच्या खोलीत आता फक्त कट्टे राहिले. टिनांवर चुन्याचा पांढरा हात दिला आणि वर पऱ्हाट्यांचा थर टाकला. वऱ्हाडात कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाट्यांना कमी नाही. सुनेचं पिशव्या भरायचं काम कूलरच्या झोतात आलं. आजीची बाज भिंतीकडं सरकली. दुपारी दोनच्या वेळी त्या बाजेवर कधी आजी असायची, कधी सून. आजीची कुरकुर थांबली असं नाही. कूलरमध्ये पाणी कोणी टाकायचं यावरून रोज एकदा तरी वाजायचं. फक्त आता दोघी एकाच खोलीत, एकाच हवेत भांडायच्या.

नवतपा लागला. बाहेर ४५. नातवाची वही चालूच होती, कारण त्याला आता नाद लागला होता. त्या दिवसाचं पान असं आहे: दुपारी दोन. खोली ३३. फ्रिज ५. लाइन १७५, स्टॅबिलायझरनंतर २२०. आणि शेवटच्या रकान्यात: आई, आजी, बाबा (रविवार).

चाचांनी मजुरीचे पैसे घेतले, दोन किलो पीठ घेतलं नाही. म्हणाले, “विकत घेईन. फुकटाच्या पिठाची इडली फुगत नाही.” जाताना आजीनं विचारलं, “चाचा, तुम्ही पह्यल्याच दिवशी खोली बदला म्हणून सांगितलं असतं तं? तीन दिवस कायले लिहाले लावलं?”

चाचा म्हणाले, “पह्यल्या दिवशी सांगितलं असतं तं तुम्ही फ्रिज आत घेतला असता. आणि सून बाहेरच राह्यली असती.”

गोष्ट एवढीच. तिचं तात्पर्य फ्रिजच्या पाठीमागं आहे. जगात गारवा तयार होत नाही. एका जागेची उष्णता उचलून दुसरीकडं टाकली की पहिल्या जागेला आपण गार म्हणतो. घरात, कचेरीत, गावात जो कोणी डोकं थंड ठेवून बसलेला दिसतो, त्याच्या मागं बहुधा कोणीतरी ती उष्णता अंगावर घेत उभं असतं, आणि त्याच्या पाठीवर ‘टी’ लिहिलेली पट्टी नसते. थंड राहणं वाईट नाही. पण टाकलेल्या उष्णतेला बाहेर जायला झरोका नसेल, तर ती फिरून आपल्याकडंच येते. आधी मागच्या माणसाला भाजते, मग पीठ नासवते, मग घर.

तेव्हा यंदा ऊन तापलं आणि फ्रिज गार होईना, तर बटन वाढवू नका. आधी त्याच्या मागं हात घालून बघा. आणि तो हात तिथं असेपर्यंत, दुपारी दोनला आपल्या घरातल्या सर्वांत तापलेल्या खोलीत कोण असतं, तेही एकदा लिहून काढा.